बर्फवाल्यांची पाणपोई

आमच्या घरचा बर्फाचा कारखाना होता आणि घरात बर्फ खायला बंदी होती. हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्याला त्याला वाटलं, म्हातारी नेहमीसारखी फेकतेय. मी फेकते, त्यात वाद नाही. माझ्या सासरची माणसं माझ्या गोष्टीतून निम्मं वजा करून उरलेल्यावर विश्वास ठेवतात. पण ही गोष्ट वजाबाकी न करता घ्यावी. जळगावातून पिंप्राळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथं तेव्हा घरं संपून बाभळी सुरू व्हायच्या, तिथं रस्त्याच्या पल्याड वडिलांचा कारखाना आणि अल्याड आमचं घर. आम्ही मूळचे राजस्थानातले जैन. आजोबा पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन खानदेशात उतरले आणि गाठोडं खाली ठेवायला जागा मिळाली म्हणून इथलेच झाले. पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव असतात, तेच गोठवून दाताखाली फोडायचं म्हणजे केवढं पाप, म्हणून बर्फ आमच्यात अभक्ष्य. आख्ख्या जळगावचा घसा गार करणारं आमचं घर स्वतः मात्र माठातलं पाणी पिऊन गप्प बसायचं. मी वडिलांना एकदा विचारलं, "भाऊ, खायला पाप, तर मग विकायला कसं चालतं?" वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो, सगळा गावच म्हणायचा. भाऊंनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पाप खाणाऱ्याला लागतं. आपण फक्त पोचवतो." त्यांच्याकडं प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर तयार असायचं, आणि ते उत्तर ऐकलं की माझ्या डोक्यात आणखी दोन प्रश्न उगवायचे.

कारखान्याचं यंत्र म्हणजे आमच्या घराचं काळीज. धबक-धबक, धबक-धबक, दिवसरात्र. आई ताक घुसळायची ती त्याच तालावर. मी पाढे पाठ केले ते त्याच तालावर, त्यामुळे अजूनही माझा तेराचा पाढा जरा दणकत चालतो. पाहुणे दोन दिवस राहिले की त्यांचं बोलणंही त्या ठोक्यात बसायचं आणि परत गेल्यावर त्यांच्या घरचे लोक डॉक्टरला बोलवायचे. यंत्र सांभाळायला गफूरचाचा होते, भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. रेल्वे सुटली तरी अंगातली वाफ गेली नव्हती. यंत्राशी ते इंजिनाशी बोलावं तसं बोलायचे. "चल मेरी जान, डाउन लाइन क्लिअर आहे." आत अमोनियाचा असा वास की पडशानं बंद झालेलं नाक दारातच मोकळं व्हायचं. आसपासच्या आया लेकरांना सर्दी झाली की औषधाऐवजी आमच्या दारात आणून उभं करायच्या. मिठाच्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे उंच डबे उभे असायचे, डब्यांत बर्फ धरायचा, आणि डबा उलटा करून जरा कोमट पाणी मारलं की आरशासारखी लादी सर्रकन बाहेर यायची. मी एका लादीत स्वतःचा चेहरा पाहिला होता. त्यात मी सुंदर दिसत होते. म्हणून त्या यंत्राबद्दल मला कधी वाईट बोलवत नाही.

ऊन किती, ते सांगून काही उपयोग नाही, तुम्ही निम्मं वजा कराल. एवढंच सांगते की बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत घालायला बायका गच्चीवर चढायच्या तेव्हा वरच्या पायरीपर्यंत ओल्या असलेल्या बिबड्या खाली ठेवेपर्यंत वाळलेल्या असायच्या, आणि भर दुपारी रस्त्यानं जाणारा सायकलवाला पुलापाशी उतरून सायकलला सावलीत बसवायचा, मग स्वतः बसायचा. आणि ते साल तर दुष्काळाचं. गिरणा नदीत वाळू आणि वाळूत कुत्री. नगरपालिकेचा नळ आमच्या बाजूला आला नव्हता. आमच्या घराला आणि शेजारच्या आळीला मिळून एकच विहीर, गावविहीर म्हणायचे तिला, आणि कारखान्याला भाऊंनी पाडलेलं स्वतंत्र बोअर.

आता बोअर असताना आमचं घर विहिरीचं पाणी का प्यायचं, तर त्याला कारण आई. तिला आम्ही बाई म्हणायचो. बाईचा पाण्याचा नियम होता. पाणी जाड फडक्यातून गाळायचं. फडक्यात जे राहतं ते ओंजळभर पाण्यात हळूच धुवायचं, आणि ते पाणी, त्याला जिवाणी म्हणतात, ज्या विहिरीतून घेतलं त्याच विहिरीत परत सोडायचं. वरून ओतायचं नाही, जीव आपटून मरतील. त्यासाठी बुडाला कडी असलेला एक तांब्या होता. तो दोरीनं खाली सोडायचा, पाण्याला टेकला की हिसका द्यायचा, म्हणजे तो अलगद कलंडून आपली पाहुणेमंडळी घरी पोचवायचा. बोअरच्या नळकांड्यात तांब्या जात नाही, म्हणून बाई बोअरचं पाणी घरात घेईना. रोज सकाळी ती विहिरीवर हे काम करायची आणि मी शेजारी उभी राहून आत डोकवायचे. मला त्या जिवांची भारी उत्सुकता. बाईला विचारायचे, "त्यांना कळतं का गं, की आपण फिरून आलो?" बाई म्हणायची, "तुला कळतं का, की तुझी शाळेची वेळ झाली?"

त्या उन्हाळ्यात बाईनं तांब्याच्या दोरीला एक तुकडा जोडला. थोड्या दिवसांनी आणखी एक. मग घोंगडीवाल्याकडून आणलेला काळा तुकडा, मग माझ्या जुन्या परकराची नाडी. दोरी अशी झाली की सर्कसवाल्यांनी मागून न्यावी. पाऊस नाही म्हणून पाणी खाली चाललं, हे सगळेच म्हणत होते. पण मला एक गोष्ट कोड्यात टाकत होती. सकाळी पाणी जरा वर असायचं आणि दुपारी खाली. आळीतल्या बायका काही दुपारी पाणी शेंदत नव्हत्या; तेवढ्या उन्हात दोरीला हात लावला तर हाताची भाकरी व्हायची. मग दुपारी पाणी पितं कोण?

इकडं भाऊंच्या मनात धर्म जागा झाला. गावविहीर आटत चालली, आळीचे हाल होतायत, हे पाहून त्यांनी कारखान्याच्या दारात पाणपोई घातली. आमच्या लोकांना पाणपोईचा हात सढळ. पण भाऊंची पाणपोई म्हणजे राजाची. लाल ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण, वर वाळ्याचे पडदे, आणि प्रत्येक रांजणात आमच्याच लादीचा तुकडा. पाणी इतकं गार की एका म्हाताऱ्याचा निखळलेला दात प्यायल्याबरोबर परत घट्ट बसला. रस्त्यानं जाणारे थांबायचे, आळीतले तर रांग लावायचे. पिऊन झालं की दोन्ही हात वर करून भाऊंना आशीर्वाद द्यायचे. भाऊ खुर्ची टाकून तिथं बसायला लागले. मला वाटतं ते आशीर्वाद मोजत नसले तरी चाखत जरूर असावेत.

माझा नातू पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे. समाजासाठी काम करणारा एक वेगळा विभागच असतो म्हणे आता, त्यात. खेड्यातल्या शाळांना पाणी शुद्ध करायची यंत्रं वाटतो, फोटो पाठवतो. चांगला पोरगा आहे. मी त्याला विचारलं, "तुमच्या कंपनीला स्वतःला पाणी कुठून येतं रे?" तो म्हणाला, "आजी, ते दुसऱ्या डिपार्टमेंटकडे आहे." आमच्या घरी दोन्ही डिपार्टमेंट एकाच खुर्चीत बसत होती, तरी त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती.

ओळख करून दिली ती सोनाक्कानं. सोनाक्का आळीतली, धुळ्याकडून सासरी आलेली, गडगड्यासारख्या आवाजाची बाई. तिची अहिराणी ऐकली की माझं मारवाडी-मराठी खिचडीचं तोंड ओशाळून जायचं. पाणपोईवर तिनं एका दमात गडू रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि भर रांगेत भाऊंना म्हणाली, "भाऊ, तुम्ही मोठा पुण्यवान शेतस. आमनी बठ्ठी हिर पी ग्यात, नि आते आमलेच पाजतस!"

आमची सगळी विहीर पिऊन आता आम्हालाच पाजता, हे ऐकून रांग हसली. भाऊही हसले, कारण त्यांना वाटलं थट्टा आहे. मला हसू आलं नाही. मला दुपारच्या पाण्याचं कोडं आठवलं. पुढं यंत्राचा पट्टा तुटला. भुसावळहून नवा पट्टा येईपर्यंत यंत्र बंद, बोअरचा पंप बंद. त्या शांततेत घरातल्या कुणाला झोप येईना, भाऊंना तर जेवण जाईना. मी मात्र विहिरीवर मुक्काम ठोकला. आणि पाणी चढलं! दुपारी, भर उन्हात, पाऊस नाही, ढग नाही, आणि विहिरीच्या भिंतीतला तो कोरडा पडलेला काळा दगड परत पाण्याखाली गेला. जमिनीच्या पोटात कुणीतरी तोंड लावून ओढत होतं आणि त्यानं दम खायला तोंड काढलं होतं, असं मला वाटलं.

मी धावत गफूरचाचांकडं गेले. ते पट्ट्याची वाट बघत बिडी ओढत होते. म्हणाले, "बेटी, बर्फाला कितीसं पाणी लागतं? डब्यांत जातं तेवढंच. खरं पाणी पितात ते हे." आणि त्यांनी मागच्या बाजूचे नळ्यांचे वेटोळे दाखवले. यंत्र तापतं, म्हणून त्या नळ्यांवरून रात्री गारव्यात बारीक आणि दिवसा उन्हात मोठी अशी पाण्याची धार सोडलेली असायची. ती नळ्या निववून गटारात, गटारातून बाभळीत. त्या दुष्काळात जळगाव तालुक्यातली सगळ्यात हिरवी बाभळ आमच्या कारखान्यामागं होती, एवढी हिरवी की लांबून येणारे पोपट तिला बाग समजून उतरायचे आणि काटे टोचल्यावर शिव्या देत उडायचे. "तेच पाणी हौदात धरून परत फिरवता येत नाही का?" मी विचारलं. चाचा म्हणाले, "येतं ना. हौद बांधावा लागतो, पाणी कोमट होतं, लाद्या कमी निघतात. भाऊंना मी सांगितलं होतं. भाऊ म्हणाले, सीझन जाऊ दे."

आणि सीझन तर आता कुठं रंगात आला होता. धुळ्याचा बर्फाचा कारखाना पाण्यावाचून बंद पडला होता. तिथल्या पांझरा नदीत टिपूस नव्हता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर, लग्नं तोंडावर, आणि धुळ्याचे बर्फाचे व्यापारी मगनशेठ रोज माणूस पाठवत होते: जेवढा असेल तेवढा बर्फ द्या, भाव तुम्ही बोला. भाऊंनी दुसरं बोअर पाडायचं ठरवलं, पहिल्याहून खोल. बोअरिंगवाल्यांची गाडी येऊन आवारात उभीसुद्धा राहिली. दिवस मावळायच्या आत आमचं जेवण व्हायचं. त्या दिवशी बेसनाच्या गट्ट्यांची भाजी होती. मी ताटावरच विषय काढला.

"भाऊ, गावविहीर आपलं बोअर पितं."

"कुणी सांगितलं? त्या सोनाक्कानं?"

"मी बघितलं. पट्टा तुटला तेव्हा पाणी चढलं."

भाऊंनी घास खाली ठेवला. "जमिनीखालचं पाणी कुणाच्या बापाचं असतं का? खोल जाईल त्याचं. आणि मी काय लोकांना तहानेनं मारतोय? उलट पाजतोय. फुकट पाजतोय. गार करून पाजतोय. आख्ख्या जळगावात दुसरा दाखव."

उत्तर बिनतोड होतं, फक्त विहीर त्यात बसत नव्हती. बाई वाढत होती. भाऊंच्या ताटात तिनं आणखी एक गट्टा वाढला. आमच्या घरात हे सहमतीचं लक्षणही असायचं आणि वादळाचंही.

नवा पट्टा बसला, यंत्र दुप्पट जोरानं धबकायला लागलं. दोनेक दिवसांतच सकाळी बाईनं तांब्या खाली सोडला तर तो तळच्या दगडावर टण्णकन वाजला. दोरी संपली नव्हती, पाणी संपलं होतं. दगडांच्या फटीत नुसता चिखल चकाकत होता. बाईनं तांब्या वर ओढला, जिवाणी तशीच पाण्याच्या वेगळ्या भांड्यात झाकून ठेवली आणि घरी येऊन कामाला लागली. दुपारी मी तिच्यापुढं पाणी धरलं तर म्हणाली, "आधीचं पोचवल्याशिवाय पुढचं घेता येत नाही."

"म्हणजे तू पाणी पिणार नाहीस?"

"नाही."

रागानं नाही, रुसून नाही. चणे भिजत घातले नाहीत असं सांगावं तसं सांगितलं. उपास तिला नवे नव्हते. पण ते पावसाळ्यातले. जळगावच्या त्या उन्हात बिनपाण्यानं चुलीपुढं उभं राहणं म्हणजे काय, ते लिहिताना आज माझी फेकण्याची हौससुद्धा गळून जाते. संध्याकाळी तिचे ओठ पांढरे पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंत धरून चालायला लागली, आणि मला पहिल्यांदा कळलं की माझी आई मरू शकते.

भाऊंची त्रेधा उडाली. आधी म्हणाले, दुसऱ्या विहिरीत सोडू, टांगा मागवतो. बाई म्हणाली, त्याच विहिरीत. म्हणाले, टँकर आणून विहिरीत ओततो. टँकरवाल्यानं हात जोडले. त्याच्यामागं सगळा तालुका लागला होता. मग भाऊंना ती युक्ती सुचली, जी फक्त बर्फवाल्यालाच सुचू शकते. त्यांनी लाद्या मागवल्या. गडी खांद्यावर पोती टाकून लाद्या घेऊन आले आणि दोराला बांधून एकेक लादी विहिरीत उतरवायला लागले. बर्फ वितळणार, पाणी होणार, तांब्या टेकणार!

आळी गोळा झाली. पोरं कठड्यावर पालथी पडली. काळ्या कोरड्या विहिरीच्या तळाशी बर्फाच्या लाद्या अशा चमकत होत्या, जणू चंद्र तिथं पडून फुटलाय. विहिरीतून गार हवेचा लोट वर आला आणि भर उन्हात बायकांनी पदर लपेटून घेतले. तळातला एक बेडूक लादीवर चढला आणि, मी शपथ घेऊन सांगते, शिंकला. सोनाक्का वाकून बघत म्हणाली, "भाऊ, हिरना पानीना बरफ करा, नि आते बरफनं पानी करी हिरमा टाका. मंग मजामा काय भेटनं तुम्हले?"

मधल्यामध्ये भाऊंना काय मिळालं, या प्रश्नावर कुणी हसलं नाही. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, जणू या प्रश्नाचं उत्तर मला माहीत असावं. तेवढ्यात बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू विहिरीपाशी आली, आत वाकली, आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "त्या पाण्यात कसं सोडणार? गारठून मरतील."

भाऊ तिथंच कठड्यावर बसले. एवढा मोठा मिशीवाला माणूस, रांजणासारखा रिकामा दिसला. मग उठले, रस्ता ओलांडून कारखान्यात गेले, आणि धबक-धबक थांबली.

दुपारी मगनशेठ स्वतः ट्रक घेऊन धुळ्याहून आले. ट्रकात भुसा भरलेला, गोणपाटं भिजवलेली, सगळी तयारी. भाऊंनी त्यांना पाणपोईवर पाणी पाजलं आणि सांगितलं, बर्फ नाही.

"नाही कसा? मशीन बिघडलं?"

"नाही. बंद केलं."

"भाऊ, लग्नं आहेत! मी शब्द देऊन बसलोय. भाव वाढवून देतो."

"देऊ नका," भाऊ म्हणाले. "दिलात तर मी घेईन."

मला भाऊ आयुष्यात एवढे आवडले ते तेव्हाच. मगनशेठ काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यांची मुलं-नातवंडं अजून धुळ्यात असतील. रिकामा ट्रक वळला, भुसा उडाला, आणि पुढं त्यांनी आमच्याकडून कधी बर्फ घेतला नाही. बोअरिंगवाल्यांची गाडीही बिनकामाची परत गेली. गफूरचाचांनी त्याच संध्याकाळी हौदासाठी जमिनीवर चुन्याची रेघ मारली. हौद झाला, तेच पाणी फिरायला लागलं, आणि लाद्या निम्म्यावर आल्या. त्या वर्षी आमच्या घरात नवं काही आलं नाही. माझं सायकलचं स्वप्न तर हौदाच्या सिमेंटातच गेलं. आळीनं भाऊंची मिरवणूक वगैरे काढली नाही. पाणपोईतला बर्फ कमी झाला म्हणून सोनाक्काच पहिली कुरकुरली. आणि ती हिरवी बाभळ वाळली, पोपट गेले, त्याचं मला उगीच वाईट वाटलं.

पण हे सगळं नंतरचं. यंत्र थांबल्याच्या दुसऱ्या सकाळी बाई, भाऊ आणि मी विहिरीवर गेलो. बर्फ केव्हाच जिरून गेला होता आणि झऱ्यांनी आपलं पाणी आणलं होतं, थोडंसंच, हातभर. बाईच्या हातात जोर नव्हता म्हणून भाऊंनी दोरी धरली. त्यांनी जन्मात हे काम केलं नव्हतं. तांब्या टेकला तरी त्यांना हिसका देता येईना. बाईनं त्यांच्या हातावर हात ठेवून हिसका दिला. मग घरी येऊन ती पाणी प्यायली. एकेक घोट, सावकाश. भाऊ भिंतीकडं तोंड करून उभे होते.

ती जरा हुशार झाल्यावर माझ्या डोक्यातला किडा वळवळला. आदल्या वर्षी मामाकडं जाताना रेल्वेत तिनं स्टेशनातल्या नळाचं पाणी गाळून घेतलं होतं, आणि फडकं तसंच पिशवीत कोंबलं होतं. मी पाहिलं होतं. भाऊ बाहेर गेलेले बघून मी तिच्या कानाशी लागले. "बाई, खरं सांग. गाडीत तू जिवाणी कुठं सोडली होतीस?"

मला वाटलं, आता चापट बसते.

"प्रवासात सूट असते," बाई म्हणाली. "आपण इथं राहायला आलोय."